शिवेपलीकडचा माग

पेशवाईच्या मुलखात चोरी झाली की गावचा जागल्या किंवा रामोशी पावलांचे ठसे पाहत निघे. शिवेवर पुढच्या गावच्या जागल्याला बोलावून ठसे दाखवायचे. त्याला पटले की माग त्याच्या अंगावर पडे. ज्या गावात माग बुडाला, तिथल्या जागल्याने चोर हजर करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने 1819च्या अहवालात ही रीत नोंदवली आहे. दरिद्री जागल्याकडून भरपाई मागणे अन्यायाचेच होते. तरी शेजाऱ्याला न सांगता चोर शिवेबाहेर हाकलून मोकळे होणे कुणालाच जमत नसे, ही मला त्या रीतीतली मोठी गोष्ट वाटते.

इंग्रजी अमलात गावशिवेपेक्षा जिल्ह्याची हद्द मोठी झाली. पुण्यातल्या जुन्नरच्या उत्तरेला नगरचे अकोले, नाणेघाट उतरला की ठाण्याचे मुरबाड. डोंगर एकच, साहेब तीन. अकोल्याचे बंडखोर राघोजी भांगरे 1848मध्ये सापडले ते थेट पंढरपुरात, आणि फाशी दिली ठाण्यात.

पुढे आंबेगावातल्या जांभोरीचे होनाजी केंगले 1873पासून सावकारांवर तुटून पडले. सरकारी कागद त्यांना दरोडेखोर म्हणतात. डोंगरातली माणसे क्रांतिवीर म्हणतात, आणि कर्जात बुडालेल्या घरांकडे पाहिले की ते पटते. 1876मध्ये मेजर डॅनियलने त्यांना पकडले. सावकारीवरचा उपाय मात्र 1879च्या दख्खन शेतकरी कायद्याने आला, तोही आधी पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चारच जिल्ह्यांना. घाटाखालचा ठाण्याचा कर्जदार बाहेरच राहिला.

हद्दीचा प्रश्न पहाऱ्यातही येतो: एका जागी पहारा वाढला की गुन्हा शेजारी सरकतो, ही भीती जुनी आहे. पण अमेरिकेतल्या जर्सी सिटीत झालेल्या, 2006मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटे दिसले: बंदोबस्ताच्या जागेलगतच्या भागातही गुन्हे कमी झाले. म्हणजे सरकणे अटळ नाही.

आज पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे रस्ते आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. तिथून वाहन थोड्याच वेळात संगमनेरच्या हद्दीत जाते, माळशेज उतरले की ठाण्याच्या. 1 जुलै 2024पासून दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद, तो कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. नोंद झाल्यावर कागद ज्याच्या त्याच्या हद्दीत पाठवला जातो, आणि पुढचा तपास तिथे होतो.