माओरींचा 'मना' आणि आपला 'मान' : एक उच्चार, पाच कुळे

१/ वडील शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत नोकरीस आहेत. त्यांच्या कामगारमित्रांच्या व्हॉट्सॲप समूहावर अलीकडे एक संदेश फिरला : न्यूझीलंडच्या माओरी लोकांत 'मना' म्हणजे प्रतिष्ठा, अधिकार, सामर्थ्य, हा आपलाच 'मान', अर्थात आपले पूर्वज तिथवर पोचले होते. वडिलांनी विचारले, "हे खरं हाय काय रे?" हा धागा म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर.

२/ संदेश मोहक आहे, कारण केवळ उच्चार नव्हे तर अर्थही जुळतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत मानाच्या सासनकाठ्या असतात, त्यांचे मानकरी असतात. तो मान पिढ्यान्‌पिढ्या चालतो. माओरी प्रमुखाचा 'मना'ही वंशाने येतो, कर्तृत्वाने वाढतो, दुष्कृत्याने घटतो. मग नाते का मानू नये?

३/ कारण भाषांचे नाते एका शब्दाच्या साम्यावर नव्हे, ध्वनिबदलाच्या नियमितपणावर ठरते. संस्कृत 'हस्त'चा मराठीत 'हात' झाला, 'सप्त'चा 'सात', 'कर्ण'चा 'कान'. जोडाक्षर सुटले आणि आधीचा स्वर दीर्घ झाला. हा बदल शेकडो शब्दांत आढळतो, म्हणून तो पुरावा ठरतो.

४/ पॉलिनेशियातही असाच नियम दिसतो. माओरी 'तापू' (निषिद्ध, पवित्र) हवाईत 'कापू' होतो. माओरी 'तांगाता' (माणूस) हवाईत 'कानाका'. 'त'चा 'क' आणि 'ङ'चा 'न'. 'मना'त बदलणारे व्यंजन नाही, म्हणून तो दोन्हीकडे तसाच राहिला. त्याची भावंडे फिजी आणि मेलानेशियात आहेत. रॉबर्ट ब्लस्ट या भाषाशास्त्रज्ञाच्या मते त्याचा मूळ अर्थ मेघगर्जना, वादळवारा यांसारख्या निसर्गशक्तींशी निगडित होता.

५/ या भाषांचे आदिस्थान तैवान मानले जाते. तेथून फिलिपिन्समार्गे हे दर्यावर्दी बेटाबेटाने पूर्वेकडे सरकले आणि न्यूझीलंडला सुमारे तेराव्या शतकात पोचले. 'मना' त्यांनी वाटेत भारताकडून उचललेला नाही. तो त्यांचा स्वतःचा आहे.

६/ आता आपले घर पाहू. 'मन' हा 'मन्' (विचार करणे) या धातूचा. लॅटिन 'मेन्स' आणि इंग्रजी 'माइंड' त्याचे दूरचे आप्त. आदर या अर्थाचा 'मान' याच धातूचा. परंतु ताठ ठेवायची ती 'मान' निराळी : संस्कृत 'मन्या', म्हणजे मानेचा मागचा भाग. जोडाक्षर सुटले, स्वर दीर्घ झाला, 'हात'चाच नियम. भट्टीच्या 'तापमाना'तला 'मान' तिसराच, 'मा' (मोजणे) या धातूचा. एकाच भाषेत तीन कुळे!

७/ याउलट, परका वाटणारा संबंध कधी खरा निघतो. 'मणभर ओझे' मधील 'मण' पाहा. प्राचीन बाबिलोनियात 'मनू' हे साधारण अर्ध्या किलोचे वजन होते. तेच हिब्रूत 'माने', ग्रीकमध्ये 'म्ना', अरबी-फारसीत 'मन'. येथे केवळ उच्चार नव्हे, व्यापाराचा मार्ग दाखवता येतो : वजने, तराजू, हिशेब.

८/ नाव टिकले, वजन मात्र बदलत गेले. मुंबई इलाख्यात २८ पौंडांचा मण होता. १८३३ मध्ये कंपनी सरकारने ठरवलेला बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे ३७.३ किलो. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. आज शिरोलीच्या वजनकाट्यावर भंगार टनांत मोजतात. मण उरला तो बोलण्यात.

९/ "शब्द आपला म्हटला तर बिघडले काय?" बिघडते. १८३५ मध्ये उत्तरेकडील माओरी प्रमुखांनी स्वातंत्र्याची घोषणा केली, तेव्हा भूमीवरील सर्वोच्च सत्तेसाठी माओरी मजकुरात 'मना' हा शब्द होता. ६ फेब्रुवारी १८४० च्या वैतांगी करारात मात्र इंग्रजी मजकुरातील 'सार्वभौमत्वा'साठी माओरीत 'कावानातांगा' आला : 'गव्हर्नर'वरून घडवलेला नवा शब्द.

१०/ 'मना' सोडून द्या असे लिहिले असते तर प्रमुखांनी सही केली नसती, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वैतांगी न्यायाधिकरणाने २०१४ च्या अहवालात म्हटले, की फेब्रुवारी १८४० मध्ये सही करणाऱ्या प्रमुखांनी आपले सार्वभौमत्व सोडलेले नव्हते. एका शब्दाच्या निवडीवर एवढे अवलंबून होते.

११/ ज्या शब्दासाठी एक समाज पावणेदोनशेहून अधिक वर्षे झगडतो आहे, तो 'मुळात आमचाच' म्हणणे हा गौरव नव्हे. दुसऱ्याच्या इतिहासावर हक्क सांगणे आहे. असा संदेश आला तर तीन प्रश्न विचारा : ध्वनिबदल नियमित आहे का? शब्द कोणत्या वाटेने आला? त्याची सख्खी भावंडे कोठे आहेत?

१२/ वडिलांना एवढेच सांगितले, "नाते नाही, योगायोग आहे." ते क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे मान तेंचाबी हाय, तेंच्या वाटंनं आलेला." याहून नेमके मला लिहिता आले नसते.