दोन तिकिटं पॅरिसची, साल १८८९

गजर लावू नका, घोडे उठवतील. पहाटेच खिडकीखालच्या दगडी रस्त्यावरून लोखंडी धावांची चाकं खडखडायला लागतात, गाडीवान एकमेकांच्या अंगावर ओरडतात, चाबूक कडाडतात आणि पाचव्या मजल्यावरच्या तुमच्या खोलीतलं तस्त थरथरतं. हो, तस्तच. नळ शोधू नका. एक चिनी मातीचं तस्त, शेजारी पाण्याचा जग, आणि तेवढ्यात दोघांनी हात, तोंड, मान उरकायची. आंघोळीचा हट्ट आजच्या दिवसापुरता सोडा.

आता खिडकी उघडा, पण श्वास बेताने घ्या. पहिला वास येतो ताज्या पावाचा, आणि त्यावर भाळेपर्यंत लीद, कोळशाचा धूर आणि नाल्यातलं पाणी हे सगळे एकदम आत येतात. खाली भंगार वेचणारा पाठीवर टोपली आणि हातात आकडा घेऊन एकेक कचरापेटी उपसतोय. चिंधी, हाड, काच, त्याला सगळं चालतं. तेवढ्यात गल्लीतून शिट्टीवजा बासरी ऐकू येते. भाळू नका, दूधवाला आहे. चार-सहा शेळ्या हाकत आलाय. समोरच्या घरातली बाई वाडगा घेऊन खाली उतरते, तो तिथेच रस्त्यात उकिडवा बसून धार काढतो आणि फेसाळ वाडगा तिच्या हातात देतो. पाणी घालायला वावच नाही.

कपड्यांना वेळ लागणार. तुमच्यापैकी एकीच्या वाट्याला कॉर्सेट आहे आणि त्याचे बंद दुसऱ्याने मागून ओढायचेत. "अहो, जरा सैल" असं ऐकू आलं तर निमूट ऐका, आज जिने फार आहेत. दुसऱ्याचीही सुटका नाही. खळ घालून कडक केलेली कॉलर तासाभरात मानेला काचते, आणि ऐन उन्हाळ्यात अंगातला लोकरी कोट काढणं असभ्य. जुन्या फोटोतली माणसं अशी ताठ का उभी असतात, ते नाश्त्याआधीच कळतं.

मेट्रो अजून जन्माला यायचीय, तेव्हा ऑम्निबस. थांब्यावरच्या छोट्या ऑफिसातून आधी नंबराचा कागद घ्यायचा. नंबर पुकारला की चढायचं. घुसाघुशी करून जागा पकडण्याची आपली कमावलेली विद्या इथे वाया जाते. एक गाडी येते, 'कोंप्ले' म्हणजे 'भरली' अशी पाटी मिरवत निघून जाते. दुसरीही तशीच. तिसरीत जागा आहे. आत बसायचे ३० सांतीम, वर टपावर बसायचे १५. पैसे वाचतात म्हणून नव्हे, पण टपावरच बसा. एका हाताने घोळ सावरत मागचा अरुंद जिना चढायचा आणि उघड्या बाकावर बसून घ्यायचं. खाली तीन धिप्पाड घोड्यांच्या पाठी घामाने चमकताहेत, त्यांची ऊब आणि वास थेट वर येतो. दगडी रस्त्यावर दात वाजतात. मग गाडी मोठ्या बुलवारवर वळते आणि आवाज एकाएकी मरतो: इथे रस्त्याला लाकडी ठोकळे बसवलेत. कानांना सुख, नाकाला शिक्षा. लाकूड घोड्यांचं मूत पिऊन बसलंय आणि ऊन चढलं की सगळं परत देतं.

नोत्र दाम बघून घ्या. तुम्हाला ते ओळखीचं वाटेल, म्हणून तिथे फार थांबत नाही. खरी गर्दी चर्चच्या पाठीमागे, बेटाच्या टोकाला चाललीय, तिच्यामागून चला. एक बसकी दगडी इमारत, दाराशी संत्री आणि बिस्किटं विकणारे. आया मुलांना कडेवर घेऊन आत शिरतात, शिकाऊ पोरं ढकलाढकली करतात, दोन इंग्रज बायका मार्गदर्शिका उघडून खात्री करून घेतात. प्रवेश फुकट. हे शहराचं शवागार आहे.

आत मोठी काच. काचेपलीकडे, नदीत सापडलेली किंवा रस्त्यात कोसळलेली अनोळखी माणसं कलत्या फळ्यांवर ठेवलीत. त्यांचे कपडे जवळच टांगलेत: एक भिजून आटलेलं जाकीट, एक पायमोजा, टाच झिजलेला बूट. कुणीतरी ओळखावं, एवढाच यामागचा सरकारी हेतू. पण ओळखायला येणारे थोडे आणि बघायला येणारेच बहुतेक. १८८२ पासून आतली हवा यंत्राने गार ठेवतात, त्यामुळे काचेपलीकडे कडाक्याची थंडी आणि अलीकडे तुमच्या मानेवर अनोळखी माणसाचा श्वास. पायाखाली संत्र्यांच्या साली. शेजारची बाई कुजबुजते, हळहळते, आणि पुढे सरकायचं नाव घेत नाही. तुम्ही नाक मुरडाल. मुरडा; पण काल रात्री मोबाइलवर अपघाताचा व्हिडिओ दोनदा कुणी पाहिला, ते मी विचारत नाही.

या काळातल्या पर्यटनाचं मला हेच आवडतं, की लोकांना शहर नटून समोर यायला नको आहे, ते चालतं कसं ते बघायचं आहे. गटारंसुद्धा प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत आहेत. हॅटवाल्या बायका होडीत बसून जमिनीखालून सैर करून येतात. त्याला आधी परवानगी काढावी लागते आणि दिवसही ठरलेले असतात, म्हणून आज वाचलात.

जेवण दुव्हालच्या 'बुयाँ'त, म्हणजे खाणावळीत. दारातच छापील कार्ड हातात पडतं. काळा झगा आणि पांढरी टोपी घातलेली वाढपीण तुम्ही घेतलेल्या प्रत्येक जिनसेची त्यावर खूण करते आणि जाताना गल्ल्यावर हिशोब. पावाचे पैसे वेगळे. नॅपकिनचेसुद्धा वेगळे, ५ सांतीम. शाकाहारी असाल तर कार्ड भराभर संपेल.

दुपारी जागतिक प्रदर्शन. फाटकाआधीच फेरीवाले तिकिटं नाचवत अंगावर येतात. तिकिटावर १ फ्रँक छापलंय, पण घासाघीस करा, बरंच खाली येतात. इथे मात्र आपली विद्या कामाला येते. आत चिमुकली आगगाडी आहे; हातपाय बाहेर काढू नका, झाडं आपटतील, अशा सूचना कितीतरी भाषांत लावल्यात. यंत्रांच्या दालनात शिरलात की बोलणं सोडून द्या. ४२० मीटर लांब, मध्ये एकही खांब नाही, आणि सगळी यंत्रं एकाच वेळी चालू. तेलाचा वास जिभेवर बसतो. डोक्यावरून सरकता पूल माणसांना घेऊन जातो आणि खाली पट्टे, चाकं, दट्टे. एका कोपऱ्यात एडिसनचा फोनोग्राफ. रबरी नळ्या कानात घालून म्हातारे लोक उभे, आणि नळीत आवाज आला की चेहरा बदलतो, मागे कोण लपलंय ते बघतात.

प्रदर्शनाच्याच ॲन्व्हालिदच्या मैदानावर जाल तर सावधपणे. तिथे जावाच्या मुली नाचतात, सेनेगालची माणसं झोपड्यांपुढे बसून रोजची कामं करतात, आणि भोवती हॅटवाल्यांचं कोंडाळं ती माणसं बघत उभं असतं. तुम्ही दोघं सावळे. कुणीतरी हसतमुखाने विचारणार, तुमचा मंडप कुठला? तिकीट काढून आलोय, एवढंच सांगा आणि निघा. शवागारापेक्षा मला इथे जास्त गुदमरतं. तिथल्यांना निदान बघणारे दिसत नव्हते.

आता आयफेल टॉवर. लालसर तपकिरी रंग अजून कोवळा आहे. अगदी वर जायचे माणशी ५ फ्रँक. जिन्याने जायचं तर टोकापर्यंत १,७१० पायऱ्या. कॉर्सेटचा विचार करा आणि लिफ्टच्या रांगेत उभे राहा. पाण्याच्या दाबावर चालणारी ही लिफ्ट टॉवरच्या पायातून तिरकी चढते, करकरते, आणि डब्यातले सगळे एकदम गप्प होतात. अनेकांनी आयुष्यात चर्चच्या घंटाघरापेक्षा उंच काही चढलेलं नाही. कुणी गजांना धरून डोळे मिटतं, कुणी मोठ्याने विनोद करतं आणि कुणीच हसत नाही. दुसऱ्या मजल्यावर 'फिगारो' वर्तमानपत्राचा छापखाना चक्क चालू आहे. वहीत नाव लिहा, टॉवरवरच्या अंकात छापून येतं. वर पोहोचलात की आधी वारा लागतो, सकाळपासूनचा पहिला स्वच्छ वारा. खाली लीद नाही, आरडाओरडा नाही, हजारो धुराडी आणि वळलेली नदी. संध्याकाळी बंदची तोफ इथूनच सुटते. कानावर हात ठेवा.

रात्री रंगीत कारंज्यांपुढे गिरगाव चौपाटीवर अनंत चतुर्दशीला असते तशी गर्दी. पाणी लाल होतं, हिरवं होतं, आणि दर वेळी हजारो गळ्यांतून एकच 'आ!' निघतो. खाली जमिनीत माणसं घामाघूम होऊन रंगीत काचा सरकवताहेत. हात सोडू नका. मोबाइल नाहीये, चुकलात तर हॉटेलवरच भेट.

दार बंद असेल, घंटा ओढा. पायांना फोड आलेत, कॉलरने मान सोललीय आणि पाच मजले चढायचेत. बिलात मेणबत्तीचे पैसे वेगळे लावतात, दहा मिनिटं जळली तरी पूर्ण. वाद घालू नका, आजवर कुणी जिंकलेलं नाही. निघताना उरलेलं थोटुक तेवढं बॅगेत टाका.