प्रतीक्षेचे मोजमाप : इंटरनेटवरील रांग-नियंत्रणाचा इतिहास (१९८५ ते २०१८)

प्रस्तावना :

दळणवळणाच्या कोणत्याही साधनात पाठविलेली वस्तू गहाळ होणे हा दोष मानला जातो. इंटरनेटच्या बाबतीत मात्र माहितीचे काही तुकडे, म्हणजेच पॅकेट, जाणीवपूर्वक गाळणे हा व्यवस्था टिकविण्याचा उपाय ठरला. या उपायामागील मूळ जाणीव १९८५ मध्येच व्यक्त झाली होती. तरीही ती घरगुती उपकरणांपर्यंत पोहोचण्यास पाव शतकाहून अधिक काळ का लागला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कोंडीची जाणीव :

पुढे धाडण्याच्या वेगापेक्षा अधिक वेगाने पॅकेट आली, की ती राउटरच्या बफरमध्ये रांगेने थांबतात. बफर जितका मोठा तितके नुकसान कमी, असा समज सहज होतो. डिसेंबर १९८५ मध्ये जॉन नेगल यांनी अमर्याद साठवणक्षमतेच्या राउटरची कल्पना करून याच्या विरुद्ध निष्कर्ष काढला. पॅकेटचे आयुष्य मर्यादित असते. त्यामुळे सतत भार राहिल्यास प्रत्येक पॅकेट आपली पाळी येण्यापूर्वीच कालबाह्य होईल आणि काहीच पोहोचणार नाही.

ऑक्टोबर १९८६ मध्ये कोंडीचा प्रत्यक्ष अनुभव आला. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांत अवघे ४०० यार्डांचे अंतर. तेथील वहनाचा वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटपर्यंत घसरला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात यावर मार्ग सुचविला : पॅकेट गहाळ होणे ही कोंडीची सूचना समजून पाठविणाऱ्या संगणकाने आपला वेग कमी करावा. तेव्हापासून गहाळ पॅकेट हाच निरोप ठरला. अर्थात, बफर मोठा असेल तर तो निरोपही उशिरा मिळणार, हे ओघानेच आले.

लांबीचे माप आणि त्याची मर्यादा :

सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी १९९३ मध्ये ‘रेड’ ही पद्धती मांडली. रांगेची सरासरी लांबी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की बफर भरण्याची वाट न पाहता यादृच्छिक रीतीने काही पॅकेट गाळावीत, हे तिचे सूत्र होते. १९९८ मध्ये इंटरनेटच्या मानकांचे काम पाहणाऱ्या आयईटीएफच्या दस्तऐवजात तिची शिफारस झाली. परंतु प्रत्येक जोडणीसाठी योग्य मूल्ये ठरविणे अवघड असल्याने तिचा प्रत्यक्ष वापर मर्यादितच राहिला. मुळात लांबीवरून विलंबाचा अंदाज येत नाही. तेवढीच रांग वेगवान जोडणीवर क्षणात सरते, तर मंद जोडणीवर सेकंदभर खोळंबते.

दरम्यान स्मृती स्वस्त झाली आणि बफर फुगत गेले. सेकंदाला १ मेगाबिट वेगाच्या जोडणीवर २५६ किलोबाइटचा बफर भरला, तर नव्या पॅकेटला सुमारे २ सेकंद थांबावे लागते. पॅकेट गहाळ होत नाही. पण दूरसंभाषण अशक्य होते. २०१० मध्ये जिम गेटिस यांनी स्वतःच्या घरच्या जोडणीवर असाच विलंब तपासला आणि या विकृतीला ‘बफरब्लोट’ हे नाव रूढ केले.

लांबीकडून वेळेकडे :

कॅथलीन निकल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेल्या ‘कोडेल’ पद्धतीने मापच बदलले. प्रत्येक पॅकेट रांगेत किती वेळ थांबले, हे ती पाहते. १०० मिलिसेकंदांच्या अवधीत हा किमान काळही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तरच एक पॅकेट गाळले जाते. विलंब टिकून राहिल्यास गाळलेल्या पॅकेटांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात पुढील अंतर घटत जाते. अचानक येऊन लवकर ओसरणारी रांग उपकारक, तर टिकून राहणारी रांग अपायकारक, असा भेद यात केला आहे. त्याच वर्षी लिनक्सच्या ३.५ या आवृत्तीत कोडेलचा समावेश झाला. २०१५ मध्ये आयईटीएफने १९९८ च्या शिफारशी बदलल्या आणि नेहमीच्या वापरात मूल्ये जुळवावी न लागणाऱ्या पद्धतींचा आग्रह धरला. २०१८ मध्ये कोडेलचे वर्णन प्रायोगिक दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाले.

समारोप :

या विलंबाचे कारण केवळ तांत्रिक ज्ञानाचा अभाव नव्हते; नेगल यांचा इशारा सर्वांसमोर होता. गहाळ पॅकेटांची गणती होत होती, प्रतीक्षेची होत नव्हती. त्यामुळे बफर वाढविणारा प्रत्येक निर्णय कागदोपत्री सुधारणा ठरला आणि त्याची किंमत वापरणाऱ्याने खोळंबून मोजली. कोणत्याही व्यवस्थेचे मूल्यमापन करताना निकष कोणता निवडला, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा लागतो.