बेवड : समुद्रपूरच्या काळ्या मातीचा एक अलिखित इतिहास

शेत मक्त्यानें घेणारा जाणता कुणबी जमिनीचा पोत पाहतो, बांध पाहतो, पाण्याचा निचरा पाहतो, आणि शेवटीं मालकास विचारतो, "गेल्या सालीं यांत काय होतें?" एक पीक निघून गेल्यावर पुढल्या पिकासाठीं जमिनींत जें बरें-वाईट मागें ठेवून जातें, त्यास मराठींत 'बेवड' असा नेमका शब्द आहे. हा शब्द कोणा पंडितानें घडविलेला नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या नफ्या-तोट्यांतून निपजलेला आहे. या बेवडाचा बराचसा कारभार डोळ्यांस न दिसणाऱ्या बुरशीच्या हातीं असतो, हें समजण्यास मात्र शास्त्राला एकोणिसाव्या शतकाची अखेर गांठावी लागली. वर्धा जिल्ह्याच्या पूर्वेकडील समुद्रपूर तालुका पूर्वीं हिंगणघाट तहशिलींतच मोडत असे. त्या काळ्या मातींत गेल्या दीडशें वर्षांत काय घडलें व त्यापासून काय बोध घ्यावयाचा, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

बुरशी म्हटली कीं आपणांस लोणच्याच्या बरणींतील पांढरा थर आठवतो. विदर्भांतील वाचकांस पावसाळ्यांत वारुळाशेजारीं उगवणाऱ्या सात्याहि आठवतील. पण वर दिसते ती अळंबी हें केवळ फळ होय. बुरशीचें खरें शरीर म्हणजे मातीच्या कणाकणांतून पसरलेलें, केसाहूनहि बारीक तंतूंचें जाळें. या प्रजेचे स्थूलमानानें तीन वर्ग करतां येतील. पहिला वर्ग कुजविणाऱ्यांचा. काडीकचऱ्याची माती करणें हें त्यांचें काम. दुसरा मारेकऱ्यांचा, ते जिवंत मुळांत शिरून झाडाचा जीव घेतात. तिसरा सोबत्यांचा. हे मुळांशीं सलोखा करून राहतात, मुळें पोहोंचत नाहींत तेथून स्फुरद व ओलावा आणून देतात, आणि मोबदला म्हणून झाडानें पानांत शिजविलेली साखर घेतात. वृक्षांच्या मुळांवरील अशी सोबत पाहून बर्लिनच्या फ्रांक यांनीं १८८५ सालीं तिला 'मायकोरायझा', म्हणजे बुरशी-मूळ, हें नांव दिलें. कापूस, ज्वारी व तूर या आपल्या तिन्ही पिकांच्या मुळांत तिचीच एक भावकी नांदत असते. मोहरीच्या कुळास मात्र ही सोबत मानवत नाहीं.

आतां जुन्या शेतीकडे वळूं. रेल्वे येण्यापूर्वीं या भागांत ज्वारी, कापूस, तूर, गहूं व जवस हीं पिकें आलटून पालटून होत. कापसाच्या कांहीं तासांनंतर तुरीचें एक तास, आणि पुढल्या सालीं त्याच वावरांत ज्वारी, अशी वहिवाट होती. वखराची पास जमिनीचा वरचा थर तेवढा ढिला करी. खोल नांगरट मुख्यतः कांस माजलेल्या जमिनीसाठीं राखून ठेवलेली असे. या रीतीमुळें सोबती बुरशीचें जाळें फारसें तुटत नसे, आणि एका पिकाच्या मारेकऱ्यास दरसाल तेंच भक्ष्य मिळत नसे. परंतु या काळास सुवर्णयुग म्हणण्याचें कारण नाहीं. शेणाच्या गोवऱ्या होत, पऱ्हाट्या चुलींत जात, आणि कुजविणाऱ्या प्रजेस पोटभर अन्न असें मिळतच नसे. बेवड राखला जात होता, पण खत राखलें जात नव्हतें.

अमेरिकेंतील यादवी युद्धानें (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि विलायतेची नजर हिंगणघाटच्या बाजारावर पडली. येथील 'बनी' ही तलम धाग्याची देशी जात तिकडे नांवाजलेली होती. वर्धा जिल्ह्याची जमाबंदी करणारे रिव्हेट-कारनॅक हेच पुढें मध्यप्रांत-वऱ्हाडचे कॉटन कमिशनर झाले, यावरून सरकारास येथील मातींत काय दिसत होतें तें उघड होतें. १८७० नंतरच्या दशकांत हिंगणघाटावरून वरोऱ्याकडे रेल्वे गेली. पुढें १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांनीं गहूं-जवस करणाऱ्यांचें कंबरडें मोडलें, आणि त्या पिकांची जागा अधिकाधिक कापसानें घेतली. रोख पैसा देणारें पीक सोडून बेवडासाठीं दुसरें पेरणें हें कर्जदार कुळास परवडण्याजोगें राहिलें नाहीं. सावकाराची मुदत आणि जमिनीची मुदत यांचा मेळ बसेना.

अशा वेळीं मारेकऱ्यानें आपलें तोंड दाखविलें. अमेरिकेंत अलाबामा येथें अ‍ॅटकिन्सन यांनीं १८९२ सालीं वर्णिलेला कापसाचा मर रोग १९०८ सालीं मध्यप्रांताच्या शेतकी खात्यांतील इव्हान्स यांना नागपूर येथें आढळला. पऱ्हाटीचीं पानें कडेनें पिवळीं पडतात, झाड मान टाकतें, आणि खोड चिरून पाहिलें असतां आंत तपकिरी-काळी रेघ दिसते. फ्युझेरियम नांवाची बुरशी मुळांतून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्याच अडवून टाकते, म्हणून ओल्या जमिनींतहि झाड तहानेनें मरतें. तिच्या जाड कवचाच्या बीजपेशी झाड मेल्यावरहि वर्षानुवर्षें मातींत टिकून राहतात, आणि त्याच पिकाचें मूळ पुन्हां जवळ आलें कीं जाग्या होतात. त्याच सुमारास पुसा येथील कवकशास्त्रज्ञ बटलर हे तुरीच्या मर रोगाचा माग काढीत होते. त्यांनीं १९१० सालीं त्या बुरशीचें वर्णन प्रसिद्ध केलें. कापसावर कापूस घेतल्यास मारेकऱ्याची वस्ती दरसाल वाढत जाते, हें त्यामुळें कळून चुकलें.

आतां उपायाचा प्रश्न आला, आणि येथें या इतिहासास वळण मिळालें. मातीचें पथ्य सुधारावें, कीं रोगास न जुमानणारें बीं शोधावें? सरकारी शेतकी खात्यानें मुख्यतः दुसरा मार्ग धरला. अमेरिकन कुळांतील 'बुरी' ही जात मर रोगापासून मुक्त असल्याचें दिसून आलें. देशी जातींतून 'रोझियम', आणि पुढें 'व्हेरम' व खानदेशांतील 'जरीला' यांचा प्रसार झाला. या कामाची थोरवी कमी लेखणें कृतघ्नपणाचें होईल. लक्षावधि कुटुंबांचें पीक त्यामुळें वांचलें. परंतु बीं बदलल्यानें शेतकऱ्यास कापसावर कापूस घेण्याची मोकळीकच मिळाली. रोग टळला, पण ज्या संवयीनें तो पोसला होता ती संवय टळली नाहीं. तलम धाग्याची बनी मात्र भरड जातींच्या गर्दींत मागें पडली.

दुसरा मार्ग धरणारे कोणी नव्हतेच असें नाहीं. इंदूर येथें १९२४ सालीं कापसाच्या संशोधनासाठीं इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री स्थापन झाली. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं काडीकचरा, शेण, मूत्रानें भिजलेली माती व राख यांचे थर देऊन सुमारें तीन महिन्यांत खत करण्याची 'इंदूर पद्धति' सिद्ध केली, आणि १९३१ सालीं दोघांच्या नांवानें तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या ढिगांत आरंभींचें काम बुरशी करते व पुढचें जिवाणू करतात, हें त्यांनीं दाखवून दिलें. १९३५ सालीं गांधीजी इंदुरास गेले असतां हा खताचा कारखाना पाहून आले. त्याच्या आदल्याच वर्षीं वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता, आणि कुमारप्पांच्या नेतृत्वाखालीं तेथें कंपोस्ट हा ग्रामसुधारणेचा एक पाठ होऊन बसला. हॉवर्ड यांनीं १९४० च्या आपल्या ग्रंथांत आणखी पुढें जाऊन असें प्रतिपादिलें कीं, पिकांच्या आरोग्याची किल्ली सोबती बुरशीच्या हातीं आहे. एवढें सरसकट विधान पुढील प्रयोगांनीं मान्य केलेलें नाहीं. जमीन, पीक व स्फुरदाचें मान यांप्रमाणें त्या सोबतीचा लाभ कमी-अधिक होतो. तथापि मातीकडे जिवंत वस्तु म्हणून पाहावें, हा त्यांचा मुख्य मुद्दा टिकून राहिला आहे.

जुन्या मिश्रपिकांच्या बाजूनें पुरावाहि हळूहळू जमा झाला. पंजाबांत लायलपूर येथें वासुदेव यांनीं कापसांत मटकी पेरून मूळकुजीचें प्रमाण घटवून दाखविलें. मटकीच्या सावलीनें जमीन थंड राहते हें त्याचें एक कारण. ज्वारींत तूर घेतल्यास तुरीचा मर रोग कमी पडतो, हें हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील प्रयोगांत १९८० नंतर दिसून आलें. वहिवाटीस कारण सांगतां येत नव्हतें, म्हणून ती खोटी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर मातीवर नव्या घडामोडींचे थर चढले. रासायनिक खतें आलीं; १९७० सालीं सुरतेस कापसाची पहिली संकरित जात निघाली; २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली; आणि सोयाबीननें विदर्भांतील ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर बळकावली. अमेरिकन कुळाच्या कापसास येथील जुना फ्युझेरियम फारसा लागत नाहीं, म्हणून तो मारेकरी आतां नांवापुरता उरला आहे. संकरित पऱ्हाटी पावसाच्या उघडिपीनंतर एकाएकीं सुकते, तो विकार बुरशीचा नव्हे, हेंहि ध्यानांत ठेवावें. परंतु सोबत्यांची स्थिति काय? स्फुरद मुबलक मिळाला कीं झाड बुरशीस साखर देण्यास कां-कूं करतें. वारंवार खोल नांगरट केली कीं जाळें तुटतें. जमीन दीर्घकाळ ओसाड ठेवली कीं तें उपासमारीनें विरळ होतें. ऑस्ट्रेलियांत क्वीन्सलंडच्या जमिनी आपल्यासारख्याच काळ्या व भेगाळणाऱ्या आहेत. तेथें पडीक टाकून 'विसावा' दिलेल्या शेतांत पुढलें पीक खुजें येई. त्याचें मूळ या उपासमारींत आहे, हें तेथील संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकांत उघड केलें. विसावा म्हणजे रिकामें ठेवणें नव्हे, तर पीक बदलणें, हेंच आपल्या बेवडाचेंहि सांगणें आहे.

उपाय अज्ञात नाहींत. पऱ्हाट्या न जाळतां बारीक करून कुजविणें, तूर-ज्वारीचीं तासें परत आणणें, मारक बुरशीस खाऊन टाकणाऱ्या ट्रायकोडर्मा बुरशीची बियाण्यास पुटें देणें, हें सर्व आज सांगितलें जातें. तरी तें शेतकऱ्यानें ऐकलें नाहीं म्हणून त्यास अडाणी ठरविण्यापूर्वीं एक गोष्ट आठवावी. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं मदतयोजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. हंगामाच्या आरंभींच ज्याचें पीक कर्जापोटीं गहाण पडलें आहे, त्यास पुढल्या सालच्या मातीची काळजी करावयास सांगणें सोपें आहे. ती करण्याची सवड त्यास देणें अवघड आहे. १८७० सालीं ही सवड सावकारानें हिरावली होती, म्हणून त्या काळास आपण दोष देतों. आज ती कोण हिरावतें, याचाहि हिशेब व्हावयास हवा, आणि त्या हिशेबांत आपलेंहि नांव निघेल. आपल्या घरांतून ज्वारीची भाकर पाहुण्यासारखी क्वचित् येऊं लागली. तिला गिऱ्हाईक उरलें नाहीं, म्हणून ती समुद्रपूरच्या वावरांतूनहि उठली. "गेल्या सालीं यांत काय होतें?" हा प्रश्न कुणब्यानें जमिनीस विचारावयाचा तसा तो आपण आपल्या ताटासहि विचारून पाहावा.