नेटवर्क कार्ड बसवलं, पण फ्रीबीएसडीला दिसत नाही: अडचण नेमकी कुठे असते?

संगणकात फ्रीबीएसडी टाकायला घेतली, नेटवर्क निवडायची पायरी आली आणि यादीत एकही कार्ड नाही. केबल लावलेली आहे, कार्डावरचा दिवा लागतोय, विंडोजवर तेच कार्ड काल रात्रीपर्यंत चालत होतं. मग कोणी म्हणतं सिस्टीमच भंगार आहे, कोणी म्हणतं कार्ड गेलं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कार्डही ठीक असतं आणि सिस्टीमलाही ते दिसलेलं असतं. फक्त ते चालवणारा ड्रायव्हर मिळालेला नसतो.

फ्रीबीएसडी ही कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत वाढलेल्या युनिक्सची थेट वारसदार. तिची पहिली आवृत्ती १९९३ साली आली. नाव फारसं कानावर पडत नसलं तरी तिच्याशी संबंध अनेकांचा आलेला असतो. व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर सुरुवातीची अनेक वर्षं हिच्यावरच चालत, नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पोचवणारे सर्व्हर आजही चालतात आणि प्लेस्टेशन ४ ची सिस्टीम हिच्याच पायावर उभी आहे. लहान ऑफिसांत फायरवॉल म्हणून वापरली जाणारी पीएफसेन्सही मुळात फ्रीबीएसडीच. त्यामुळे जुन्या पीसीत दोन कार्डं बसवून घरगुती फायरवॉल करायला निघालेल्या माणसाची पहिली गाठ अनेकदा याच अडचणीशी पडते.

(या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत टाइप करायची असतात.)

आयएफकॉन्फिगची रिकामी यादी

कार्ड दिसतंय का, हे पाहण्यासाठी बहुतेक जण ‘आयएफकॉन्फिग’ ही आज्ञा देतात. उत्तरात नुसतं ‘एलओ०’ आलं की कार्ड ओळखलंच नाही, असं ठरवून टाकतात. एलओ० म्हणजे लूपबॅक, संगणकाने स्वतःशी बोलण्याची सोय. संगणकात एकही कार्ड नसलं तरी ते असतंच.

पण आयएफकॉन्फिगला कार्डं दिसत नाहीत, इंटरफेस दिसतात आणि इंटरफेस तयार करणं हे ड्रायव्हरचं काम. म्हणून रिकाम्या यादीचा अर्थ एवढाच, की कोणत्याही ड्रायव्हरने अजून इंटरफेस उभा केलेला नाही. कार्ड जागेवर आहे की नाही, याबद्दल ती यादी काहीही सांगत नाही. ‘/डेव्ह’ या फोल्डरमध्ये शोधूनही उपयोग नाही. युनिक्समध्ये डिस्कपासून कीबोर्डपर्यंत सगळं फाइलसारखं दिसतं असं शिकवतात ते खरं, पण नेटवर्क इंटरफेस हा त्या नियमाचा जुना अपवाद आहे.

खरं उत्तर देणारी आज्ञा वेगळी आहे: ‘पीसीआयकॉन्फ’, म्हणजे पी-सी-आय-सी-ओ-एन-एफ. तिला एक आडवी रेघ आणि एल, व्ही ही दोन अक्षरं जोडायची. मदरबोर्डच्या पीसीआय मार्गावर जी जी उपकरणं आहेत, त्यांची ती हजेरी घेते. ड्रायव्हर असो वा नसो, जे उपकरण जागेवर आहे त्याची नोंद इथे येते. नोंदीचा पहिला शब्द पाहायचा.

तिथे ‘ईएम०’ किंवा ‘आरई०’ असं काही असेल, तर त्या नावाच्या ड्रायव्हरने कार्ड ताब्यात घेतलं आहे. अडचण पुढे कुठेतरी आहे. ‘नन०’ किंवा ‘नन१’ असेल, तर सिस्टीमला कार्ड दिसलं आहे, पण कोणत्याही ड्रायव्हरने त्याची जबाबदारी घेतलेली नाही. आणि कार्डाची नोंदच नसेल, तर प्रश्न ड्रायव्हरचा नाहीच.

नोंदच नसली तर तासन्‌तास ड्रायव्हर शोधण्यात अर्थ नाही, कारण दोष सिस्टीमपर्यंत पोचण्याआधीचा आहे. बायॉसमध्ये मदरबोर्डवरचं लॅन बंद केलेलं असतं, कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलेलं नसतं, किंवा मदरबोर्डवरचा एखादा स्लॉट आणि एम.२ डिस्कची जागा एकच मार्ग वाटून घेतात आणि डिस्क बसवली की स्लॉट बंद होतो. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिलं की बराच उलगडा होतो. यूएसबीचा लॅन अडॅप्टर असेल तर तो या यादीत दिसणारच नाही. त्याच्यासाठी ‘यूएसबीकॉन्फिग’ ही वेगळी आज्ञा आहे.

कार्डाचं खरं नाव

नन० दिसलं की पुढचं काम ओळख पटवण्याचं. खोक्यावरचं नाव इथे फारसं कामाचं नाही. एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या आवृत्ती बदलताना आतली चिप बदलतात. ड्रायव्हर मात्र चिपसाठी लिहिलेला असतो, खोक्यासाठी नाही.

प्रत्येक पीसीआय उपकरणात दोन क्रमांक कोरलेले असतात, एक उत्पादकाचा आणि एक उपकरणाचा. पीसीआयकॉन्फच्या नोंदीत ते ‘व्हेंडर’ आणि ‘डिव्हाइस’ या शब्दांपुढे येतात. इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ आहे. १९७८ सालच्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा कंपनीने इथे घेतला. रियलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४. नोंदीत ‘क्लास’पुढे ०२०००० असेल तर ते इथरनेट कार्ड. म्हणजे यादीत पाच-सहा नन असले (साध्या पीसीवर ते असतातच आणि त्यात बिघडलेलं काही नसतं), तरी आपलं कार्ड त्यातून लगेच निवडता येतं.

हे दोन क्रमांक हाती आले की सिस्टीमची मॅन्युअल पानं उघडायची. फ्रीबीएसडीत प्रत्येक ड्रायव्हरचं पान चौथ्या विभागात असतं आणि तो कोणत्या चिप चालवतो, याची यादी त्यात असते. विंडोजची ड्रायव्हर सीडी इथे चालत नाही. कधीकाळी विंडोजचे नेटवर्क ड्रायव्हर फ्रीबीएसडीत चालवण्याची सोय बिल पॉल यांनी केली होती, पण ती नंतर काढून टाकली गेली. याच बिल पॉल यांनी रियलटेकच्या जुन्या ८१३९ चिपचा ड्रायव्हर लिहिताना, हिने ‘स्वस्त आणि सुमार’ या शब्दांचा अर्थच नव्याने ठरवला, अशा आशयाचा शेरा कोडमध्ये मारून ठेवला होता. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या सहनशक्तीची त्यावरून कल्पना येते.

कधी कधी उपाय फक्त नव्या आवृत्तीचा असतो. इंटेलच्या आय२२५ या अडीच गिगाबिटच्या चिपसाठीचा ‘आयजीसी’ ड्रायव्हर फ्रीबीएसडी १३.१ मध्ये आला. १३.० वर हीच चिप नन० म्हणून पडून राहते. कार्ड तेच, स्लॉट तोच, पण एका टप्प्याची आवृत्ती बदलली की काम होतं. म्हणून जुना आयएसओ पेनड्राइव्हवर पडलाय म्हणून तोच वापरण्याची काटकसर इथे महाग पडते.

रियलटेकची गोष्ट

सर्वांत जास्त तक्रारी रियलटेकच्या चिपबद्दल असतात. कारणही साधं आहे, स्वस्त मदरबोर्डवर त्याच जास्त असतात. फ्रीबीएसडीत त्यांच्यासाठी ‘आरई’ नावाचा ड्रायव्हर आहे, आणि तिथे दोन वेगवेगळ्या कारणांनी एकच नन० दिसू शकतं.

पहिलं कारण, चिपच यादीत नसणं. अडीच गिगाबिटची ८१२५ ही चिप फ्रीबीएसडी १३ च्या मालिकेत आणि १४.० मध्ये सोबत येणाऱ्या आरई ड्रायव्हरच्या यादीत नाही. दुसरं कारण जास्त फसवं आहे. ८१६८ हा एकच उपकरण क्रमांक रियलटेकने चिपच्या अनेक पिढ्यांना दिला. ड्रायव्हर क्रमांक पाहतो, ‘हे माझंच’ म्हणून पुढे होतो, मग चिपच्या आतली पिढी वाचतो आणि ती अनोळखी निघाली की हात वर करतो. ‘डीमेसेज’च्या नोंदीत (आज्ञा डी-एम-ई-एस-जी) तेव्हा ‘अननोन एच/डब्ल्यू रिव्हिजन’ आणि त्याखाली ‘अटॅच रिटर्न्ड ६’ असं दिसतं. हा ६ म्हणजे युनिक्सचा ठरलेला त्रुटी क्रमांक: उपकरण वापरण्याजोगं तयार नाही. त्यामुळे नन० दिसलं की डीमेसेज वाचल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. ड्रायव्हर आलाच नाही आणि ड्रायव्हर येऊन परत गेला, यांत फरक आहे.

दोन्हींवर नेहमीचा उपाय एकच. रियलटेकने स्वतः लिहिलेला ड्रायव्हर ‘रियलटेक-आरई-केमॉड’ या पॅकेजमधून मिळतो. तो टाकल्यावर ‘/बूट/लोडर.कॉन्फ’ या फाइलीत दोन ओळी लागतात. एक तो सुरू होताना चढवावा हे सांगणारी, दुसरी त्याचा पूर्ण पत्ता देणारी. दुसरी ओळ अनेक जण विसरतात. आरई नावाचा मूळ ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीच बसलेला असतो. पत्ता दिला नाही तर जुनाच कामाला लागतो आणि पॅकेज टाकूनही काहीच बदललं नाही असं वाटतं.

या उपायाची एक किंमत आहे. बाहेरून आलेला असा ड्रायव्हर विशिष्ट कर्नलसाठी बांधलेला असतो. सिस्टीम पुढच्या आवृत्तीवर नेली आणि ड्रायव्हर जुनाच राहिला, तर तो चढण्यास नकार देऊ शकतो. घरच्या पीसीवर हे नुसतं कटकटीचं आहे. पण सर्व्हर दुसऱ्या शहरात असेल आणि त्याच्यापर्यंत पोचायचा एकमेव रस्ता हेच कार्ड असेल, तर अपडेटनंतरच्या रीस्टार्टला तो रस्ताच बंद होतो. अशा मशिनमध्ये सिस्टीमच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालणारं एक जुनं इंटेल कार्ड जोडीला ठेवणं शहाणपणाचं. डिस्क झेडएफएसवर असेल तर अपडेटपूर्वी ‘बीईसीटीएल’ने जुन्या सिस्टीमची प्रत राखून ठेवावी. मग मशिनजवळच्या माणसाला फोनवर सांगून बूट मेन्यूतून ती निवडता येते.

वायफाय आणि बदललेली नावं

वायफाय कार्डाच्या बाबतीत तर ओळखलेलं कार्डही ‘दिसत नाही’. फ्रीबीएसडी ११ पासून वायफायचं मूळ उपकरण आयएफकॉन्फिगच्या यादीतून वगळलं आहे. ड्रायव्हर नीट बसलेला असला तरी ‘डब्ल्यूलॅन०’ हा इंटरफेस त्याच्यावर मुद्दाम तयार करावा लागतो. कार्ड खरंच आहे का, हे ‘सिसकंट्रोल’ला (एस-वाय-एस-सी-टी-एल) ‘नेट.डब्ल्यूलॅन.डिव्हाइसेस’ विचारलं की कळतं. तिथे नाव आलं तर ड्रायव्हर शोधत बसायची गरज नाही. अनेक वायफाय चिपना ड्रायव्हरबरोबर फर्मवेअरची वेगळी फाइलही लागते. ती नसल्याची कुरकुर डीमेसेजमध्ये सापडते.

जुनं कार्ड काढून नवं लावलं की आणखी एक गंमत होते. फ्रीबीएसडीत इंटरफेसचं नाव ड्रायव्हरवरून पडतं. इंटेलचं ईएम०, रियलटेकचं आरई०. पण ‘/ईटीसी/आरसी.कॉन्फ’मध्ये पत्ता अजून ईएम० च्याच नावे लिहिलेला असतो. नवं कार्ड ओळखलं गेलेलं असतं, त्याला आयपी पत्ता मात्र कोणी दिलेलाच नसतो. एका ओळीतलं नाव बदलणं एवढाच त्यावर उपाय.

लिनक्सवर पायऱ्यांची नावं बदलतात, क्रम तोच राहतो. पीसीआयकॉन्फऐवजी ‘एलएसपीसीआय’ आणि सोबत के हे अक्षर. उत्तरात ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नसेल तर ते लिनक्सचं नन० समजावं.

ड्रायव्हर नेटवर, आणि नेट ड्रायव्हरवर

आता मुख्य पेच. पॅकेज इंटरनेटवर आहे आणि इंटरनेटसाठी तेच पॅकेज हवं. इथे खिशातला अँड्रॉइड फोन कामी येतो. फोन यूएसबी केबलने जोडायचा, त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करायचं आणि ‘केएलडीलोड’ने ‘आयएफ_यूआरएनडीआयएस’ हा ड्रायव्हर चढवायचा. तो सिस्टीमसोबतच येतो. काही फोनना त्याऐवजी ‘आयएफ_सीडीसीई’ लागतो. आयएफकॉन्फिगमध्ये ‘यूई०’ नावाचा इंटरफेस आला की ‘डीएचक्लायंट यूई०’ अशी आज्ञा देऊन पत्ता मिळवायचा. फोन घरच्या वायफायवर असेल तर बहुतेक हँडसेट तेच नेट पुढे देतात, त्यामुळे डेटा पॅकही खर्च होत नाही.

फोन जमत नसेल तर दुसऱ्या संगणकावर पॅकेज उतरवून पेनड्राइव्हने आणता येतं आणि ‘पीकेजी अ‍ॅड’ने बसवता येतं. मात्र ते आपल्याच आवृत्तीचं आणि आपल्याच प्रोसेसर प्रकाराचं आहे ना, हे आधी पाहून घ्यायचं.

एवढं करूनही अडलं आणि ग्रुपवर विचारायची वेळ आली, तर खोक्याचा फोटो टाकून उपयोग नाही. पीसीआयकॉन्फमधल्या त्या कार्डाच्या तीन-चार ओळी, सिस्टीमची नेमकी आवृत्ती आणि डीमेसेजमधल्या संबंधित ओळी टाकल्या, तर जाणकार माणूस पहिल्याच उत्तरात ड्रायव्हरचं नाव सांगू शकतो.

ड्रायव्हर बसवून मशिन पुन्हा सुरू केल्यावर पीसीआयकॉन्फ पुन्हा चालवायचं. नन० च्या जागी आरई० आलेलं असेल आणि आयएफकॉन्फिगमध्ये ‘स्टेटस: अ‍ॅक्टिव्ह’ दिसत असेल तर काम झालं. ‘नो कॅरिअर’ दिसलं तर मात्र कार्ड आणि ड्रायव्हर दोघांना सोडून केबल आणि राउटरकडे वळायचं.