ज्येष्ठातली धाव

मोहोळात पंढरपूर रस्त्याला माझं गॅरेज आहे. आषाढीआधी दिंड्यांचे ट्रक तपासणीला येतात. ट्रकात चूल, पाण्याची टाकी, गाद्या, वर ताडपत्री. वारी फिरेपर्यंत तेच घर. मी आधी हातोडी घेऊन चाकाचे नट ठोकतो. घट्ट नट खणकतो, ढिला बद्द वाजतो. ड्रायव्हर हसतात. हसू देत. ही रीत माझ्या आज्याची, आणि तो सुतार होता.

आगगाडी मोहोळला 1860 साली आली. पंढरपूरला मात्र कुर्डुवाडीहून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी पोचायला 1906 उजाडलं. त्यानंतरही आमच्या भागातल्या खेड्यांतून माणसं बैलगाडीनंच निघायची. मोहोळपासून चाळीसेक किलोमीटर. बांबूच्या कमानींवर चटई, खाली कडबा, त्यावर घोंगडी. जाताना जी गादी, तीच मुक्कामाला बैलांची वैरण.

अडचण महिन्याची होती. वारी आषाढात, म्हणजे गाडी तपासायची ज्येष्ठात, आणि आमच्याकडचं ऊन बाभळीचं लाकूडसुद्धा सुकवून आकसवतं. त्यावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, काही आकसत नाही. मग चाक आतून बारीक होतं, धाव सैल पडते, आरे तुंब्यात हलायला लागतात. आजा चाक जमिनीवरून उचलून हातोडीनं धाव ठोकायचा आणि कान द्यायचा. बद्द वाजली की संपलं.

सोपा उपाय म्हणजे चाक रात्रभर डोहात भिजत घालणं. पण ज्येष्ठात सीनेला पाणी कुठलं! मग धाव उतरवायची. आजा लाकडी घेर दोरीनं मापायचा, लोहार धावेचा आतला घेर मापायचा. धाव जितकी जास्त भरेल तितकी पट्टी कापायची, आणि वर आणखी बोटभर, कारण धाव चाकापेक्षा लहानच हवी. भट्टीत सांधायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चिमट्यांनी चाकावर चढवायची आणि लगेच पाणी. लाकूड कडाकडा वाजत आवळायचं. शेवटी एरंडेलात भिजवलेले तागाचे बोळे आखाला. औतं बलुत्यात बसायची. वारीच्या गाडीचा आजा फक्त नारळ घ्यायचा.

टायरच्या गाड्या आल्या आणि हे सगळं गेलं. टाकळी सिकंदरच्या भीमा कारखान्याकडं ऊस नेणाऱ्या बैलगाड्यांना रबरी चाकं लागली. बैलांचे कष्ट कमी झाले, हे खरंच. पण लाकडी चाक मोडण्याआधी कुरकुरायचं. टायर बोलत नाही, एकदम फुटतो.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना एकानं निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडी आणली. आजा म्हणाला, "आता जाळ पेटवून काय करू? उद्या थांबा." तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी वाटेतच धाव निसटून शेतात गेली, आणि गाडीतल्या म्हातारीला उरलेली वाट चालत काढावी लागली.

त्या रस्त्याचा आता 965 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झालाय. वारीला निघणार असाल तर गाडी चार दिवस आधी आणा. आदल्या संध्याकाळी आणलेली गाडी मी बघत नाही.