चित्र हलू नये म्हणून

कोल्हापुरात खरी कॉर्नरला एक कॅमेरा स्तंभ आहे. पुण्या-मुंबईचे मित्र आले की रंकाळा, मिसळ, चपला या क्रमाने फिरतात आणि स्तंभाजवळून गाडी सुसाट निघून जाते. त्यांना कशाला बोला, आमच्यातल्याच कितीकांना विचारलं तर "काहीतरी पिक्चरवाल्यांचं" एवढंच उत्तर मिळेल. तर आजचा लेख त्या कॅमेऱ्यावर. निमित्त मात्र भलतंच आहे. गेले काही महिने मी शनिवार-रविवार एक छोटा ड्रोन बांधतोय. चार मोटारी, दप्तरात मावेल एवढा सांगाडा, आणि पोटाला कॅमेरा. त्यातला एक त्रास सोडवताना सारखे बाबूराव पेंटर आठवत होते.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. ते आणि त्यांचे बंधू आनंदराव संगीत नाटकांचे पडदे रंगवायचे, म्हणून "पेंटर" हेच आडनाव होऊन बसलं. १९१३ मध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांच्या डोक्यात सिनेमाचं वेड शिरलं. फाळक्यांनी लंडनला जाऊन विल्यम्सन कॅमेरा विकत आणला होता. या दोघांनी ठरवलं, आपण आपला बनवायचा. आनंदराव १९१६ मध्ये गेले, काम अर्धवट राहिलं. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून ते १९१८ मध्ये पुरं केलं.

हे वाक्य शाळेतल्या पुस्तकासारखं पटकन वाचून होतं. "कॅमेरा बनवला." पण म्हणजे नक्की काय केलं?

सिनेमाचा कॅमेरा म्हणजे नुसती काळी पेटी आणि भिंग नव्हे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मला दोन्ही कडांना भोकं असतात, एका चित्रामागे चार. एक बारीक नखी त्या भोकात शिरते, फिल्म १९ मिलिमीटर खाली ओढते, बाहेर निघते. फिल्म थांबते. मग शटर उघडतं, उजेड पडतो, शटर मिटतं. नखी पुन्हा आत. मूकपटांच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा व्हायचं, आणि तेही हाताने दांडा फिरवून. यातली सगळी गंमत "फिल्म थांबते" या दोन शब्दांत आहे. तिने दर वेळी अगदी त्याच जागी थांबायला हवं. हिशेब करून बघा. फिल्मवरचं चित्र जेमतेम २४ मिलिमीटर रुंद. ते २० फुटी पडद्यावर टाकलं की अडीचशे पट मोठं होतं. नखीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी ढिलाई असेल, तर पडद्यावर भीम आणि कीचक दोघेही इंचभर उड्या मारताना दिसणार!

आणि हे कोल्हापुरात, १९१८ मध्ये, पडदे रंगवणारी माणसं करत होती.

त्या कॅमेऱ्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' निघाला. ७ फेब्रुवारी १९२० ला तो पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. 'सैरंध्री' आज बघायला मिळत नाही. फार चुटपुट लागते. कथेसाठी नाही, कथा आपल्याला पाठ आहे. चित्र किती स्थिर होतं, ते मला बघायचं होतं.

आता ड्रोनकडे येतो. चार पंख्यांचं यंत्र ही नवीन कल्पना नाही. फ्रान्समध्ये ब्रेगे बंधूंनी १९०७ मध्येच तसं एक यंत्र जमिनीवरून उचललं, दोन-एक फूट, आणि तेही चारी कोपरे चार माणसांनी धरून. १९२४ मध्ये एमिशेन या फ्रेंच इंजिनियरने त्याच्या यंत्रातून एक किलोमीटरची फेरी मारली. पुढे मात्र एका मोठ्या पंख्याचं हेलिकॉप्टर जिंकलं. चार पंख्यांचं संतुलन दर क्षणी सावरत बसणं माणसाच्या हाताला झेपणारं नव्हतं. ते झेपायला मोबाईल आणि व्हिडिओ गेममुळे स्वस्त झालेले, तांदळाच्या दाण्याएवढे जायरोस्कोप यावे लागले. माझ्या ड्रोनमधला जायरो सेकंदाला हजारो वेळा सांगतो, "डावीकडे कललोय, सावर." आणि प्रोसेसर प्रत्येक मोटारीचा वेग तेवढ्यापुरता बदलतो.

महाराष्ट्रात याची नीट सुरुवात पवईला झाली. आयआयटी मुंबईच्या अंकित मेहता, राहुल सिंग, आशिष भट या मुलांनी २००७ मध्ये आयडियाफोर्ज काढली. '३ इडियट्स'मध्ये खिडकीबाहेर तरंगणारं ते यंत्र त्यांचंच (२००९). त्यांनी डीआरडीओच्या पुण्याच्या प्रयोगशाळेबरोबर 'नेत्र' बनवलं. वजन दीड किलोच्या आसपास, अर्धा तास हवेत. २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयात अडकलेली माणसं शोधायला ते वापरलं गेलं. आपण थिएटरात "आल इज वेल" करत बसलो होतो तेव्हा पडद्यावर खरंखुरं देशी यंत्र उडत होतं, हे कितीजणांच्या लक्षात आलं?

असो. माझा त्रास सांगतो. ड्रोन उडवणं आता अवघड राहिलेलं नाही, सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि चांगलं आहे. अवघड आहे ते चित्र. तरंगताना पंखे मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला दोनशेच्या घरात. पंखा एका बाजूला किंचित जड असला तर तेवढ्याच वेळा धक्का बसतो. मोबाईलसारख्या कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचतो. पहिली ओळ वाचून शेवटची वाचेपर्यंत कॅमेरा दोन-चार वेळा हललेला असतो. परिणाम? पंचगंगेचा घाट जेलीसारखा थुलथुलतो.

यावर इंटरनेटवर ढीगभर उपाय आहेत. कामाचा सल्ला मिळाला उद्यमनगरात. कॅमेऱ्याची पट्टी कापून घ्यायला एका लेथवाल्या काकांकडे गेलो होतो. त्यांनी ड्रोन हातात घेतला, एक पंखा बोटाने फिरवला आणि म्हणाले, "भावा, कॅमेऱ्याला रबर नंतर लाव. हे हलतंय कुठनं ते आधी बघ." मग पंखे एकेक करून तोलले, हलक्या पात्याला चिकटपट्टीचा तुकडा लावला, आणि त्यानंतर कॅमेऱ्याखाली रबर. घाट शांत झाला.

मित्र म्हणतो, यात तू "बनवलं" काय? मोटारी चीनच्या, सॉफ्टवेअर जगाचं. प्रश्न बरोबर आहे आणि झोंबतोही. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग चालतात. त्यामुळे भाग मागवून जोडलेल्या बऱ्याच गोष्टींवर "स्वदेशी"चा शिक्का बसतो. मला तो शिक्का फारसा पटत नाही. पण दुसरं टोकही पटत नाही. बाबूरावांच्या कॅमेऱ्यात फिरणारी कोरी फिल्म परदेशातूनच यायची, भारतात ती बनायला साठचं दशक उजाडलं. म्हणून तो कॅमेरा कोल्हापूरचा नाही का? माझी कसोटी साधी आहे. बिघडल्यावर उघडून, कुठे हलतंय ते बघून, तुम्हाला दुरुस्त करता येतो का? येत असेल तर तो तुमचा. आयात केलेला कॅमेरा बिघडला तर बोटीची वाट बघायची. घरच्या कॅमेऱ्याला पेचकस पुरे.

दामल्यांचं उदाहरण घ्या. आले होते रंगकाम शिकायला. कॅमेरा बांधता बांधता तंत्रज्ञ झाले. १ जून १९२९ ला त्यांनी, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच प्रभात काढली, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' केला आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शेवटी तुकोबा गरुडाच्या विमानातून वैकुंठाला जातात तो प्रसंग तुम्ही कधीतरी पाहिला असेल. घरचे सगळे विमानाकडे बघतात. मी अलीकडे फ्रेमच्या कडेकडे बघत बसतो.